टाचा टेकेपर्यंत

११ जाने., रवि.

किरणदादाचा व्हिडिओ कॉल. जहाज कुठल्यातरी बंदरात उभं आहे. नाव सांगितलं, विसरले. मागे क्रेन होत्या, इतक्या अवाढव्य की दादा त्यांच्यापुढे काडेपेटीतली काडी. मी क्रेनच बघत बसले.

“सोनल, ऐकतेस का?”

ऐकलं. मार्चच्या मध्यात सुट्टीवर येतोय आणि बाईकचं एकदाचं ठरवून टाकायचंय. तो वर्षातला बराच काळ पाण्यावर, गाडी इथे कल्याणजवळ मानपाड्याला आमच्या बिल्डिंगखाली धूळ खात. घोडबंदर रोडचा विक्रांत, त्याच्या कॉलेजचा मित्र, केव्हापासून मागतोय.

म्हटलं, मला दे.

हसला. मग हसायचा थांबला. “बुटके, पाय पोचतात का तुझे?”

“पोचतात.”

“अंगठे पोचतात. अंगठ्यावर दोनशे किलो उभी राहते का? गेल्या वेळी पार्किंगमध्ये मी धरली नसती तर तू तिच्याखाली होतीस. मी आलो की तू तिच्यावर बसायचं. दोन्ही टाचा जमिनीला. टेकल्या तर गाडी तुझी, जा कुठे जायचं तिथे. नाय टेकल्या तर विक्रांतची. रडायचं नाय.”

नाही रडणार म्हटलं. फोन ठेवल्यावर आठवलं, त्या क्रेनचं विचारायचं राहिलं. वर माणूस बसतो का? शी-शूला कसा उतरतो?

१२ जाने.

सकाळीच खाली गेले. धूळ पुसली. सीट माझ्या कमरेच्याही वर येते. स्टँडवर असताना डावा पाय फूटरेस्टवर ठेवायचा, उभं राहायचं, मग उजवा पाय पलीकडे टाकायचा. घोड्यावर चढतात तसं. दादा हिला उंट म्हणतो.

वर बसले. आणि समोर कंपाउंडच्या भिंतीवरून मलंगगड.

लहानपणापासून या पार्किंगमध्ये खेळलेय. भिंतीमागे ट्रान्सफॉर्मर आहे, तबेल्याचे पत्रे आहेत, एवढंच माहीत. मलंगगड दिसतो हे कोणी सांगितलंच नाही. अख्खा नाही, वरचा दातेरी भाग फक्त. सकाळच्या धुरकटात निळा. किती वेळ बसले माहीत नाही. वॉचमन म्हणाला, “मॅडम, चालू नहीं हो रही क्या?”

स्कूटरवर मुरुड झालं, भंडारदरा झालं. त्यापुढे स्कूटर म्हणते बास. उंट कुठेच बास म्हणणार नाही. गिअरची गाडी मला येते, दादाच्या जुन्या बाईकवर शिकलेय, लायसन आहे. पण उंटाचं असं आहे की चालू असला की माझा. थांबला की जमिनीचा.

१७ जाने., शनि.

सीट काढली, चादरीत गुंडाळली, स्कूटरवर पुढ्यात उभी धरली. पोर घेतल्यासारखी. कोपरीला बाबूभाईंकडे. रिक्षाचे हूड, सोफे, गाड्यांच्या सीटा शिवतात.

आधी रस्ता मीठबंदराकडे वळत होता म्हणून वळले. ओहोटी. चिखलावर इवलेसे खेकडे, सगळे एकदम एक नांगी वर करतात, एकदम खाली. कोण सांगतं त्यांना? फुलीआत्या म्हणते तिच्या आजोबांचं मीठ इथून होड्यांनी जायचं. आता पलीकडे नुसते टॉवर. खेकडे तेच असतील बहुतेक.

बाबूभाईंनी विचारलं, “कितना कम करना है?”

म्हटलं, टाच टेकेपर्यंत.

“टाच का नाप नहीं होता बेटा. और सुनो, फोम एक बार काटा तो काटा.”

मग सीट उलटी करून स्क्रूड्रायव्हरने एकेक पिन उचकटली आणि रेक्झिन सोललं. आत पिवळाधम्मक फोम! बाहेरून एवढा काळा, रागीट उंट, आतून पिवळा, केकसारखा. हात फिरवला. दादा जिथे बसतो तिथे खोलगट खड्डा पडलेला. दादाचीच आकृती. चार महिने झाले त्याला जाऊन, पण इथे तो बसलेला होता. बाबूभाईंनी त्याच्यावरूनच मार्करने रेघ मारली. मला जरा कसंतरी झालं. म्हटलं, काटो.

२४ जाने.

सीट आणली, बसवली. अंगठ्यांचे चवडे झाले!! दोन्ही पायांचे चवडे जमिनीवर. टाचा अजून हवेत, पण चवडे म्हणजे चवडे.

दुर्गाडीच्या पुलापर्यंत जाऊन आले. वाटेत दोन सिग्नल, दोन्ही ठिकाणी थांबले, पडले नाही. पुलावर कठड्यावरून खाली खाडी दिसते, स्कूटरवरून फक्त कठडा दिसायचा. रेतीच्या बोटी. एका बोटीवर माणूस आरशात बघून दाढी करत होता, भर खाडीत.

येताना कळलं, सीट पाटासारखी झालीय. शिवाय पुढे उतरती. ब्रेक मारला की मी टाकीवर जाऊन आपटते. बसायचं म्हणजे घसरायचं. घरी उभ्याने जेवले. आईने विचारलं काय झालं. म्हटलं असंच.

३० जाने.

अन्याकडे. शाळेत माझ्या बाकावर होता, आता मानपाडा रोडला गॅरेज. मी उंट घेऊन आत शिरले तर हातातला वडा तसाच धरून बघत राहिला.

“भाई, ही तू चालवत आणलीस?”

“हो.”

“थांबलीस कशी?”

“चवड्यावर.”

त्याने गाडीखाली झोपून मला पण झोपायला लावलं. मागच्या शॉकच्या खाली दोन लोखंडी पट्ट्या असतात, तळहाताएवढ्या. त्या काढून जरा लांब पट्ट्या लावल्या की गाडीचं सगळं मागचं अंग खाली बसतं. एवढंच! एवढा मोठा डोंगर आणि तो या दोन पट्ट्यांवर टेकलेला. मला वाटलेलं आत काहीतरी भयंकर असेल.

“तशी ही वजनाने पण बसते,” अन्या म्हणाला. “स्प्रिंग आहे ना. पण तुझं वजन कबुतराएवढं, तुझ्याने ती काय दबणार. कबूतर बसलं म्हणून फांदी वाकते का?”

त्याला लाथ मारली. झोपल्या झोपल्या.

संध्याकाळपर्यंत पट्ट्या बसल्या. पुढच्या चाकाचा फोर्कपण खाली घ्यायला लागतो म्हणाला, नंतर करू, आज टाइम नाय.

बसले.

टेकल्या. दोन्ही. पूर्ण.

१ फेब्रु.

टाचा आपटत आपटत बसून राहिले पार्किंगमध्ये. वॉचमनला दाखवलं. त्याला काही समजलं नाही, पण टाळ्या वाजवल्या.

काळोख पडताना कल्याणहून परत येत होते. मागचं अंग बसल्यामुळे गाडीचं तोंड वर झालंय, आणि हेडलाइट रस्त्यावर पडायचा सोडून झाडात! वडाच्या झाडात प्रकाश शिरला. पारंब्या, पानांची खालची बाजू, वटवाघळं, सगळं उजळलं. मी या झाडाखालून हजारदा गेलेय आणि ते आतून कसं आहे मला माहीत नव्हतं. पुढे एका पहिल्या मजल्याच्या गॅलरीत लाइट गेला. एक काका लुंगी धरून ओरडले, “आमच्या घरात काय शोधतेस?”

सॉरी काका.

अन्याला सांगायला पाहिजे. सांगते उद्या. अजून एकदा झाडं बघून.

५ फेब्रु.

अन्याने पुढचा फोर्क सरकवला. लाइट रस्त्यावर आला. खड्डे दिसायला लागले. झाडं गेली.

८ फेब्रु., रवि.

चुलतभाऊ नितेशची हळद. अख्खा पाडा लोटला. डीजेचे डबे इतके उंच की वरचा लावायला शिडी आणलेली. नितेशला उंटाशेजारी फोटो पाहिजे होता म्हणून मांडवाच्या दारात उभी केली, स्टँडवर. झेंडूची माळ घातली.

फुलीआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नऊवारी, कपाळभर कुंकू, आवाज डीजेच्या वर, बोलताना ‘ड’ आणि ‘ढ’चा ‘र’. गाडीभोवती फिरून आली. “कवरी उच गो ही! हिच्यावं चरायला शिरी लागंल.”

“खाली केलीय आत्या. टाचा टेकतात आता.”

“ही खाली केलेली? मंग वर कवरी व्हती?” आणि हातातली हळद घेतली आणि फासली सरळ हेडलाइटला. “हिला पन लावा गो, घरचीच हाय!”

झालं. सगळ्या बायका तुटून पडल्या. टाकी, आरसे, सीट, सायलेन्सर. तेलात कालवलेली हळद. उंट पिवळा झाला, बाहेरूनही. इतका सुंदर दिसत होता!

नितेश चढला, व्हिडिओ झाला, उजव्या बाजूने उतरला. उतरताना हँडल धरलेलं. आणि गाडी हळूच सरळ झाली, एक क्षण उभी राहिली, आपली आपण, कुणी न धरता, आणि पलीकडे गेली. माझ्या डोळ्यासमोर. एवढी मोठी वस्तू पडताना घाई करत नाही. हळदीचं घमेलं, केळीचा खांब, सगळं घेऊन खाली.

तिथे आमच्या बिल्डिंगमधल्या काजलची मुलगी बसलेली खेळत. आत्ताच तिला दूध प्यायला आत नेलेली.

डीजे वाजतच होता.

९ फेब्रु.

पुढचा ब्रेकचा दांडा तुटला, आरसा गेला, टाकीला पोचा. हळद सगळीकडून निघाली, फक्त सीटच्या शिवणीतून निघत नाही. साबण, रॉकेल, लिंबू. आणखी पिवळी होतेय.

अन्या आला. गाडी उभी केली, लांबून बघितली आणि कपाळाला हात लावला. “आयला. स्टँड.”

गाडी खाली आली, पण साइड स्टँड तेवढाच लांब. म्हणजे गाडी स्टँडवर कलतच नव्हती, जवळजवळ सरळ उभी राहत होती. उजवीकडून कोणी जरा ओढलं की संपलं. “कापायला पाहिजे होता. पार डोक्यातून गेलं यार.” त्याचं तोंड एवढंसं झालेलं. मी त्याला काय बोलणार? मी तरी महिनाभर फक्त माझ्या टाचाच बघत होते.

स्टँड कापला, जोडला. कापलेला तुकडा त्याने खिशात टाकला.

दादाचा मेसेज: काय म्हणतो उंट? मी अंगठा पाठवला.

काजलची मुलगी आज जिन्यात भेटली. मला बघून म्हणाली, “तुझी गाली पल्ली.” कडेवर घेतली तर किती हलकी.

१५ फेब्रु.

ठाण्याला घोडबंदर रोडला गेले, उगाच, नवीन ब्रेकचा दांडा बघायला, अन्याने सध्या जुनाच एक लावलाय. तिथले टॉवर बघून मान दुखते. एका टॉवरच्या टोकावर ढग अडकलेला, खरंच. अर्ध्या बाल्कन्या ढगात. त्यातल्याच एकात विक्रांत राहतो. त्याला सकाळी ढग पुसावा लागत असेल.

त्याच्या टॉवरच्या गेटसमोर स्पीडब्रेकर. हळूच घेतला तरी खालून घर्रर्र. पोट घासलं. पुढच्यालाही घासलं. कुणाच्या तरी हाडातून करवत जावी तसा आवाज. घरी येईपर्यंत प्रत्येक स्पीडब्रेकरला मी श्वास धरत होते, जसं काही मी पोट आत घेतलं की उंटाचं आत जाणार आहे.

पार्किंगमध्ये लावली. सवयीने बसून राहिले. समोर भिंत.

मान उंच केली. भिंतच. तिच्यावर एक कावळा.

मलंगगड गेला.

१६ फेब्रु.

टाचा टेकतात. हेच पाहिजे होतं. मग काय झालं? दादा येईल, बसेन, टेकवेन, गाडी माझी. सोप्पंय.

फूटरेस्टवर उभी राहिले की दिसतो मलंगगड. पण उभं राहून बघणं वेगळं.

२१ फेब्रु., शनि.

आज जे बघितलं ते नीट लिहिते.

गायमुखच्या घाटाआधी ट्रॅफिक तुंबलेला. माझ्या पुढे एक बाईक, उंटाच्याच जातीची, त्याहून उंच. तीन पेट्या, चिखल सुकून पांढरा झालेला, कोल्हापूरचा नंबर. चालवणारा लहानखुरा. ट्रॅफिक थांबला की तो सीटवरून अर्धा डावीकडे सरकायचा, डावा पाय पूर्ण खाली, उजवा पाय ब्रेकवर, आणि एवढी मोठी गाडी मांजरासारखी त्याच्या मांडीला टेकून उभी राहायची. ट्रॅफिक हलला की परत वर. पुन्हा थांबला, पुन्हा अर्धा. जराही धडपड नाही. मी घरी वळायचं सोडून मागे मागे गेले.

घाटापलीकडे टपरीवर थांबला. हेल्मेट काढलं. बाई! पांढरी वेणी. मावशीच्या वयाची. उतरल्यावर माझ्या कानापर्यंत आली. माझ्या!

मी बघतच राहिलेली. ती म्हणाली, “काय बघालीस गं?”

“तुमच्या टाचा टेकत नाहीत.”

“नाहीत की.”

“मग?”

“मग काय? दोन पाय चालायला लागतात. थांबायला एक बास.” मग माझ्या गाडीकडे वळली, वाकून खाली बघितलं, सीटवर मूठ आपटली. “बसवलीस होय हिला. दुखत असंल की बसायला.”

सांगितलं सगळं. दादा, टाचा, हळद. हळदीला खूप हसली. मग म्हणाली, सीट खाली घेण्यापेक्षा पुढून निमुळती कर. मांड्या फाकल्या की पाय आखूड होतो. माझी बघ. आणि तिच्या गाडीवर मला चढवलं. खरंच, पुढे सीट अगदी चिंचोळी. तिथून खाडी दिसत होती, आणि खाडीपलीकडचा डोंगर, त्याच्यामागचा आणखी एक.

कुठे चालला विचारलं. म्हणाली, “वर.” चहा संपवला आणि गेली. नाव विचारायचं राहिलं.

२२ फेब्रु.

अन्याला म्हटलं, पट्ट्या काढ. जुन्या लाव.

“डोकं फिरलंय का? टाचा टेकल्यात ना?”

“काढ.”

“दादा काय बोलेल?”

ते मला पण माहीत नाही. पण त्याने काढल्या. फोर्क परत होता तिथे सरकवला. गाडी वर आली, झोपलेलं जनावर उठतं तसं. आम्ही दोघं नुसते बघत राहिलो. मग अन्या म्हणाला, “आयला. स्टँड.”

आता स्टँड आखूड! गाडी इतकी कलायला लागली की आडवीच होईल. अन्याने खिसे चाचपले, मग गल्ल्याच्या ड्रॉवरमधून तो कापलेला तुकडा काढला. फेकायला जीव झाला नाही म्हणाला. परत जोडला, खाली एक चपटा पत्रा लावला. वेल्डिंगची जाड गाठ दिसते, मोडलेलं हाड जुळतं तशी.

सीट परत कोपरीला. बाबूभाई म्हणाले, “बोला था ना.” पण फोमचा नवीन थर चिकटवला, आणि बाजूने कापत कापत पुढून इतकी निमुळती केली की कासवाची मान. हळद बघून म्हणाले कव्हर नवीन घालू? नको म्हटलं. तेच घाला.

१ मार्च, रवि.

एमआयडीसीत. रविवारी तिथले रस्ते मोकळे असतात. फुलीआत्या सोबत आली, कुणी न बोलावता. पदर खोचून फुटपाथवर उभी.

चवडे पोचतात. पण एका पायावर थांबायचं जमत नव्हतं. शरीर ऐकत नाही, मधोमधच बसून राहतं. दोनदा आडवी केली. उचलायला शिकले मात्र: गाडीला पाठ लावायची, कुल्ले सीटला, हँडल धरायचं आणि मागे मागे चालत जायचं. दोनशे किलो उठते! मी उठवली! ती उभी होती.

आत्या लांबून ओरडत होती, “पाय तोरशील गो!” मग तिला राहवेना. जवळ आली. “त्या बाईनी कसं केलेलं? दाखव.”

दाखवलं.

“अगो, हां व्हय! शेरिंगच्या रिक्षात डायवरच्या बाजूला बसतंव ना आमी, अर्दा कुल्ला भायेर? तशी बस!”

आणि मला कळलं. एकदम. स्टेशनहून मानपाड्याला रोज चौथी सीट, ड्रायव्हरच्या शेजारी, अर्धी आत अर्धी बाहेर, एक पाय टेकवायला तयार. बारावीपासून तेच केलंय. डोळे मिटून येतं मला ते!

परत चालवली, थांबवली, चौथी सीट बसले. डावा पाय खाली, पूर्ण, टाचेसकट. उंट मांडीला टेकला. शांत.

आत्याने माझ्यावरून बोटं मोडली, मग गाडीवरून. मग म्हणाली, “आता मना बसव मागं.”

“आत्या, शिरी लागेल.”

“गप.”

बसवली नाही. अजून भीती वाटते. पुढच्या रविवारी.

८ मार्च

विक्रांत गाडी बघायला आला. वाटलेलं आखडू असेल. चांगला निघाला. आईला काकू म्हणाला, दोनदा पोहे खाल्ले. गाडीवर बसला तर पाय सपाट, वर गुडघे वाकलेले. काही न करता. मला एवढा राग आला त्याच्या पायांचा.

“ही सीट कोणी बदलली? आणि हे पिवळं काय?”

“हळद लागलीय तिला.”

“म्हणजे तुमच्या घरची झाली ती.” हसला. मग जरा वेळाने, “किरण म्हणाला तुला पण पाहिजे. टेकतात?”

मी म्हटलं, एक टेकते.

तो भिंतीकडे बघत होता. “अरे, तो मलंगगड का?” त्यालाही दिसला. लगेच. त्याला मान पण उंच करावी लागली नाही.

१४ मार्च, शनि.

दादा आला. जहाजावरचं खाऊन एवढा जाड झालाय की दारात बॅग आणि तो एकदम मावेनात. आई खूश. आत्या म्हणाली, “जहाज बुरला कसा नाय?”

संध्याकाळी खाली गेला. मी मागे. त्याने सगळं बघितलं. टाकीचा पोचा. स्टँडची गाठ, तिथे बोट फिरवलं. सीटची शिवण. सगळं सांगितलं मी, काजलच्या मुलीचंसुद्धा. ते सांगताना त्याच्या तोंडाकडे बघवेना.

“आणि टाचा टेकत होत्या? पूर्ण?”

“हो.”

“मग परत वर का घेतलीस?”

मलंगगड म्हणणार होते. म्हटलं, “पोट घासत होतं.”

“बस.”

बसले. चौथी सीट. डावा पाय पूर्ण. उजवा ब्रेकवर.

“दोन ठरल्या होत्या, सोनल.”

“एकावर उभी राहते, दादा. हलवून बघ.”

त्याने हँडल धरून हलवलं. जोरात. गाडी हलली नाही. मी पण. तरी तो म्हणाला, “दोन ठरल्या होत्या,” आणि वर गेला. मग जिन्यातून, “उद्या विक्रांतकडे जायचंय. सकाळी.”

१५ मार्च, रवि.

गायमुख. टपरीवर बसून लिहितेय.

सकाळी दादा हेल्मेट घेऊन खाली आला. मला वाटलं तो चालवणार. त्याने चावी माझ्याकडे टाकली. “तू चालव. शेवटचं काय ते बघू दे मला.”

तो मागे चढला. उंट खाली गेला. मला जाणवलं, पण मी घाबरलेली, लक्ष दिलं नाही. एवढा माणूस मागे घेऊन मी कधी चालवलीच नव्हती. शीळफाटा, मुंब्रा, ठाणे. पुलावर तो म्हणाला, “खाडी दिसते इथून?” जसं काही गाडी त्याची नाहीच.

कापूरबावडीला सिग्नल लागला. मी सवयीने अर्धी सरकायला गेले आणि पाय लवकर जमिनीला लागला. आधीच. अख्खा. मी तशीच मधे बसून राहिले. दुसरा पाय सोडला.

तोही.

दोन्ही टाचा.

खाली बघत राहिले मी. सिग्नलचे आकडे उतरत होते. आमच्या दोघांचं वजन त्या तळहाताएवढ्या पट्ट्यांवर, आणि माझे तळवे डांबरावर, गरम. मागे दादा जरा वाकला. त्यालाही दिसलं असणार.

“टेकल्या,” तो म्हणाला.

“हो.”

“मी बसलोय म्हणून.”

“हो.”

हिरवा झाला. मागचे सगळे हॉर्न मारायला लागले. निघाले.

विक्रांतच्या टॉवरचं गेट जवळ आलं. मी इंडिकेटर दिला. “वळू?”

हेल्मेटवर टपली. “सरळ चल. चहा पिऊ आधी.”

त्याच्या गेटसमोरचा तो स्पीडब्रेकर. दोघं बसलेलो. पोट आत घेतलं मी. घासलं नाही.

तर आता इथे. दादाने चहा अर्धा ठेवला आणि फोन घेऊन खाडीच्या काठाला गेलाय. विक्रांतशी बोलतोय. वाऱ्यामुळे ऐकू येत नाही. एक हात वर करून बोलतोय, काही समजावताना करतो तसा. त्याच्या मागे पाणी, पाण्यामागे डोंगर, त्याच्यामागे आणखी एक. दादा काडीएवढा.

कधीपासून बोलतोय. चहावर साय धरली.

उंट स्टँडवर उभा आहे, बरोब्बर कलून. चावी गाडीलाच आहे, दादाने मागितली नाही.